तळटीप क्रमांक एक

वृषालीची चूक एवढीच झाली, की तळटीप म्हणजे काय हे तिने चारचौघांत सांगितलं.

मंचरच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारी ही बाई सहा वर्षं पीएच.डी. करत होती. विषय ‘रामदास मास्तर : जीवन आणि नाट्यलेखन’. जुन्नर-आंबेगावात रामदास मास्तर माहीत नाहीत असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. बोरदऱ्याच्या शाळेत मास्तरकी करता करता त्यांनी अकरा नाटकं लिहिली. त्यांतलं ‘ओल्या हळदीचा पंचनामा’ साठ वर्षं झाली तरी दरसाल कुठल्या ना कुठल्या जत्रेत उभं राहतंच. मास्तर जाऊन तीस वर्षं होत आली होती. त्यांचं चरित्र लिहायचं, आणि तेही वाक्यागणिक पुरावा देऊन, हे काम वृषालीने अंगावर घेतलं होतं. पुण्याच्या मोहिनी मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्यांचा नियम साधा होता : खाली तळटीप नसेल तर वरचं वाक्य खोडायचं. ‘मास्तरांचा जन्म झाला’ या वाक्याशेजारीसुद्धा त्यांनी लाल शाईत ‘संदर्भ?’ असं विचारलं होतं.

तर मास्तरांचे चिरंजीव संपतअण्णा, वय साठ, माजी सरपंच, यांच्या ओट्यावर वृषाली पहिल्यांदा बसली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न टाकला, “मॅडम, ह्यात आमचं नाव कुठं येनार?”

तिने सरळ मनाने सांगितलं. ज्यांच्याकडून माहिती मिळते त्यांची नावं पानाच्या तळाशी नंबर घालून छापतात. शिवाय शेवटी सगळ्यांची मिळून एक यादी असते.

ओट्यावर सात-आठ मंडळी होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. वर विषय थोडा, खाली नावं फार, हा प्रकार त्यांना चांगला ठाऊक होता. ही तर लग्नपत्रिका! नवरा-नवरी वर दोन ओळींत उरकायचे आणि खाली निमंत्रक, व्यवस्थापक, मामा मंडळी, समस्त भावकी अशी दीडशे नावं दाटीवाटीने बसवायची. कुणाचं नाव कुणाच्या वर गेलं यावरून सख्खे भाऊ दोन-दोन वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. तेव्हा मॅडम मास्तरांची पत्रिका छापणार आणि आपलं नाव त्यात यायला पाहिजे, हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच गावांना कळलं.

मग माहितीचा जो पूर आला, तो काही विचारू नका. ‘पंचनामा’चा शेवटचा प्रवेश मास्तरांना कुठे सुचला, हे सांगायला माणसं मोटरसायकलवरून कॉलेजात येऊ लागली. एकाच्या आज्याने मास्तरांना उसाचा रस पाजला, तेव्हा गुऱ्हाळावर सुचला. दुसऱ्याच्या चुलत्याने त्यांना ओझरला गणपतीच्या दर्शनाला नेलं, तिथे पायरीवर सुचला. मंचरचे कापडवाले माणिकचंदशेठ म्हणाले, “मॅडम, पहिल्या प्रयोगाची पिवळी साडी आमच्या दुकानातली. वडिलांनी घडी मोडून दाखवली आणि मास्तर तिथंच रडले. शेवट तिथं सुचला, लिहून घ्या.” महाळुंगे पडवळच्या एका पाव्हण्याने तर सांगितलं की तो प्रवेश मास्तरांना त्याच्या पाळण्याच्या दोरीकडे बघून सुचला. त्याला स्वतःला हे आठवत होतं. जाताना प्रत्येकजण एकच विचारायचा, “आपला नंबर कितवा?”

वृषालीने सगळं इमानाने लिहून घेतलं. मोहिनी मॅडमनी ते वाचलं आणि फोन केला. “मास्तर एका चैत्रात नऊ ठिकाणी एकच प्रवेश लिहीत होते का? गंमत पुरे. मूळ हस्तलिखित बघ. आणि तुझी मुदत जूनअखेर संपते, हे लक्षात ठेव.”

ज्याच्यावरून एवढी मारामारी, तो प्रवेश काय होता, तेही सांगायला हवं. नाटकात एका मुलीला हळद लागलेली असते. इतक्यात निरोप येतो, लग्न मोडलं. कारण काय, तर पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव तिसऱ्या ओळीत गेलं. मग गाव पंचनामा करायला बसतं. नावं कुणी लिहिली, छापखान्यात कोण गेलं, मामा मोठा की आत्याचा नवरा मोठा. दोन तास लोक पोट धरून हसतात. शेवटी ती नवरी ओल्या हळदीने पंचांपुढे येऊन बसते आणि विचारते, “पत्रिका समद्यांनी वाचली. नवरीचं नाव कुनी वाचलं?” एकाही पंचाला तिचं नाव सांगता येत नाही. ती अंगावरची हळद पुसते, पत्रिकेलाच हात पुसते आणि निघून जाते. पडदा. हे वाक्य दोन्ही तालुक्यांत शेंबड्या पोराला पाठ आहे. नाटक बघून लोक डोळे पुसतात आणि घरी जाऊन पुढच्या पत्रिकेतल्या नावांवरून भांडतात.

संपतअण्णांनी हस्तलिखित दाखवलं. लाल कापडात बांधलेली जाड वही, हळदकुंकू वाहिलेली. अक्षर असं देखणं, की पान उलटताना हात धुवावेत असं वाटावं. वृषालीला आनंद झाला, पण सहा वर्षांत मोहिनी मॅडमची सवय तिलाही लागली होती. ती शाळेत जाऊन जुनं रजिस्टर बघून आली. मास्तरांनी स्वहस्ते भरलेलं ते रजिस्टर म्हणजे शेणावरून कोंबडी चालत गेल्यासारखं होतं. वहीतलं अक्षर मास्तरांचं नव्हतं.

हे ऐकून संपतअण्णा वही पुन्हा पुन्हा उघडून बघू लागले. गावात मास्तरांचं स्मृती दालन बांधून तयार होतं, अक्षय्य तृतीयेला उद्घाटन ठरलं होतं आणि मधल्या भिंतीवर मास्तरांचं हस्ताक्षर लावायचं होतं. “म्हंजी दादांच्या दालनात दादांचं अक्षरच न्हाई?” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. नावासाठी हपापलेला हा माणूस बापावर मात्र मनापासून माया करत होता.

तेवढ्यात चहा आला. चहा नेहमी कुशाबाई आणायच्या. मास्तरांची धाकटी बहीण, वय त्र्याऐंशी, मागच्या खोलीत एकट्या राहायच्या, सगळं गाव त्यांना कुशाआत्या म्हणायचं. त्या दिवशी कप परत द्यायला वृषाली स्वतः मागे गेली. भिंतीवर कॅलेंडर होतं. एका तारखेखाली लिहिलं होतं, ‘शेगडीचा सिलिंडर लावला.’ तेच वहीतलं अक्षर, तोच लांब शेपटीचा ल.

वृषालीच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं : ‘मास्तरांना एक बहीण होती, तिच्याविषयी माहिती उपलब्ध नाही.’ या बहिणीच्या हातचा चहा ती दोन वर्षं पीत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“आत्या, वही तुम्ही लिहिलीत?”

“मंग? दादाचं अक्षर त्यालाच लागत न्हवतं,” कुशाबाई म्हणाल्या. “मी सातवी पास. त्यो सांगायचा, मी लिवायची. समदी नाटकं माझ्याच हातची हायेत.”

“आणि शेवटचा प्रवेश मास्तरांना कुठे सुचला?”

कुशाबाईंनी कप विसळले, पालथे घातले आणि मग बोलल्या. “त्याला सुचलाच न्हाई. त्यानं नवरीला हिरीत ढकलली व्हती.”

एकोणीसशे एकसष्ट साली कुशाबाईंचं लग्न ठरलं होतं. हळद लागली, आणि नवरदेवाच्या मामाने पत्रिकेत आपलं नाव तिसऱ्या ओळीत पाहिलं. वऱ्हाड आलंच नाही. पुन्हा कुणी मागणी घातली नाही. दोन वर्षांनी भावाने त्याचंच नाटक केलं.

“दोन अंक मी मुकाट लिवलं. माझंच लगीन, माझीच हळद, पर लोक हसत्याल आसं लिवलं व्हतं त्यानं, मलाबी हसू यायचं. मंग म्हनला, लिव, नवरी हिरीत उडी घेते. म्हनलं, दादा, मी हितं तुज्यापुढं बसलीया. मी कुठं घेतली उडी? त्यो म्हनला, त्याबिगर लोक रडायचं न्हाईत. मी म्हनलं, मंग तूच लिव. त्यानं रागानं कागुद वढला, लिवलं, खाली सही ठोकली आन शाळंत गेला. मी त्यो कागुद घडी घालून ठिवला आन माझ्या मनानं लिवला.”

“मास्तर काय म्हणाले?”

“तालमीत वाचल्यावर त्याला कळलं. चार दिस बोलला न्हाई माझ्याशी. जत्रंत लोकांनी टाळ्या वाजवल्या, तवा बोलाया लागला.”

“पण हे तुम्हीच लिहिलंत, हे कुणाला तरी सांगितलं?”

“कुनी इचारलं?” कुशाबाई म्हणाल्या. “तूच पयली.”

वृषालीला त्या क्षणी वाटलं, की सहा वर्षं आपण चुकीच्याच माणसाचा शोध घेत होतो. तिथेच खोलीच्या दाराशी उभी राहून तिने मोहिनी मॅडमना फोन लावला. मॅडम सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, “छान आहे. पण ती बाई स्वतःबद्दलच बोलते आहे. दुजोरा काय?”

कुशाबाईंना फोनवरचं सगळं ऐकू येत होतं. त्या उठल्या, पापडाच्या डब्याच्या तळाशी घातलेला कागद काढला आणि वृषालीच्या हातात दिला. वर ‘पंचनामा – शेवटचा प्रवेश’. कोंबडीच्या पायाचं अक्षर. नवरी विहिरीत उडी घेते, पंच टोप्या काढतात, पडदा. खाली मास्तरांची सही आणि तारीख. मास्तरांच्या स्वतःच्या हातचं नाटकाचं हे एकच पान अख्ख्या जगात उरलं होतं.

मॅडमचा आवाज पहिल्यांदाच बदलला. “हे असेल तर प्रबंधाला अर्थ आहे. पण अक्षर मास्तरांचंच, असं वारसाने लेखी दिलं पाहिजे. कागद कायमचा कुठे ठेवला जाणार, तेही लिही. आणि वही वापरायची वारसाची परवानगी.”

वारस म्हणजे संपतअण्णा. परवानगीवर सही करण्याआधी त्यांना यादी बघायची होती. वृषालीने माहितगारांची यादी पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि थोरला-धाकटा, सोयरा-भावकी असा क्रम लावायला सुरुवात केली. स्वतःला एक नंबर दिला. माणिकचंदशेठना बारावरून चारवर आणलं, कारण दालनाचे पडदे त्यांच्याकडून येणार होते. बाविसाव्या नावाशी थांबले आणि ते आडवी रेघ मारून खोडलं.

“अण्णा, ते कुशाआत्यांचं नाव आहे.”

“हाय ना. आत्याचं नाव पत्रिकंत घालत न्हाई आमी. माझ्या लग्नात न्हवतं, पोरीच्या लग्नात न्हवतं. तिचं नाव छापलं आन तिचंच लगीन मोडलं. दालनाचं शुभकार्य हाय, राव.”

“ही पत्रिका नाही!” वृषालीचा आवाज चढला.

“मंग काय हाय?” संपतअण्णांनी अगदी निर्मळपणे विचारलं. “वर एक नाव, खाली शंभर.”

कुशाबाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना कप दिले, संपतअण्णांना आधी दिला आणि आत गेल्या. वृषाली रागाने त्यांच्या मागे गेली. ज्या माणसाला आत्याचं नाव यादीतसुद्धा चालत नाही, तो बापाचं नाटक आत्याने लिहिलं हे सिद्ध करणाऱ्या कागदावर सही कशी देईल? आणि जूनअखेरची मुदत जवळ येत होती.

“आत्या, ते एकदा वाचतील आणि कागद चुलीत घालतील.”

“त्यो वाचनार न्हाई,” कुशाबाई म्हणाल्या. “तू गप बस. कागुद मीच देते त्याला.”

आणि त्यांनी दिला. वृषालीने हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून, नाहीतर तिने यालाही संदर्भ मागितला असता. संपतअण्णांनी कागद उलगडला, वरचं नाव पाहिलं, खालची सही पाहिली आणि तो कपाळाला लावला. लहान मुलासारखे रडले. “आत्या, साठ वर्सं डब्यात ठिवलास व्हय!” मग डोळे पुसून थेट फ्रेमवाल्याकडे गेले. मधल्या चार ओळी वाचायचं त्यांना सुचलंच नाही.

उद्घाटन झोकात झालं. मधल्या भिंतीवर सोनेरी चौकटीत तो कागद. खाली पितळी पाटी, त्यावर अण्णांनी स्वतः तयार केलेला मजकूर : ‘नाट्यमहर्षी रामदास मास्तर यांचे मूळ हस्ताक्षर. सत्यता प्रमाणित : श्री. संपत रामदास बोरदरेकर, माजी सरपंच.’ फेटे बांधलेल्या पाहुण्यांनी चौकटीला हार घातला. माणिकचंदशेठनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला, मग सगळ्यांनीच काढले. संध्याकाळी दालनासमोर नाटकाचा शेवटचा प्रवेश झाला. नवरीने हळद पुसली, पंच गप्प झाले, लोक रडले, आणि त्याच लोकांच्या पाठीमागे भिंतीवर तीच नवरी विहिरीत पडलेली होती. दोन हात अंतर होतं. एकाच्याही ध्यानात आलं नाही. कुशाबाई बायांमध्ये शेवटच्या ओळीत बसल्या होत्या, कारण स्टेजवरच्या खुर्च्यांची यादी अण्णांनीच केली होती.

त्या आनंदात अण्णांनी परवानगीवर सही ठोकली. वृषालीने पितळी पाटीचा फोटो काढून पुण्याला पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, “वारसाचं प्रमाणपत्र पितळेत पहिल्यांदाच बघतेय. चालेल.”

“पण माहितगारांच्या यादीत कुशाबाईंचं नाव त्यांनी खोडलंय,” वृषालीने कळवलं.

“बरोबरच आहे. त्या माहितगार कुठे आहेत? त्या लेखिका आहेत. लेखिकेचं नाव वर येतं.”

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. वर्षभराने मंजूर झाला, बांधून आला आणि वृषाली एक प्रत घेऊन बोरदऱ्याला पोचली. दालनात माणसं जमली होती. मनातून ती घाबरली होती. आपल्याला गावातून हाकलतील याची तिने तयारी ठेवली होती. नवऱ्याला निमगाव साव्याहून गाडी घेऊन यायला सांगून ठेवलं होतं. चौथ्या प्रकरणाचं पहिलं पान उघडून तिने प्रबंध संपतअण्णांच्या पुढे ठेवला. लपवाछपवी तिला करायची नव्हती.

पानाच्या मधोमध ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘“ओल्या हळदीचा पंचनामा” या नाटकाचा शेवटचा प्रवेश रामदास मास्तरांनी लिहिलेला नाही. तो त्यांच्या भगिनी कुशाबाई यांनी लिहिला.’ वाक्यावर बारीकसा एक आकडा होता. आणि तळाशी : ‘१. पाहा, मास्तरांनी लिहिलेला मूळ शेवट, स्मृती दालन, बोरदरा, मधली भिंत. सत्यता प्रमाणित : श्री. संपत रामदास बोरदरेकर, माजी सरपंच.’

संपतअण्णांचं बोट पान उघडल्याबरोबर तळाशी गेलं. तिथेच थांबलं. चेहरा उजळला.

“एक नंबर!” ते ओरडले. “बगा रं, एक नंबरला हाय! माजी सरपंचसुदिक लिवलंय!”

प्रबंध हातोहात फिरला. प्रत्येकाने पान उलटलं, तळ चाचपला, आपला नंबर काढला. पाळण्यातला पाव्हणा एकेचाळीसवर होता, त्याचं तोंड पडलं. माणिकचंदशेठना चार मिळाला होता, त्यांनी त्याचा फोटो काढून मुलाला, हितेशला, पाठवला. पेढे वाटले. दोघांत पाच आणि सहावरून बाचाबाची झाली, ती अण्णांनी मिटवली. अर्धा तास चारशे पानांचा प्रबंध त्या दालनात तळापासून वर दीड इंचच वाचला गेला.

वृषालीला रडू आलं आणि रागही आला. गाडी बोलावली होती, तिचा आता काही उपयोग नव्हता. हाकलायलासुद्धा कुणी वाचलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर कुशाबाई चहाचे कप गोळा करायला आल्या. ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले, काळ्या दोऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांचं बोट तळाशी गेलं नाही. पानाच्या मधोमध गेलं. ओठ हलत होते. ते वाक्य त्यांनी एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘कुशाबाई’ या शब्दावर बोट बराच वेळ टेकलेलं होतं.

“आत्या,” वृषाली म्हणाली, “गावात हे वाक्य तुम्ही एकट्यांनीच वाचलंत.”

“हाय ते बास हाय.” त्यांनी चष्मा काढला. बाहेर संपतअण्णा कुणाला तरी फोनवर आपला नंबर सांगत होते. कुशाबाई त्या आवाजाकडे बघत हसल्या आणि ट्रे उचलला.

“गेल्या टायमाला माझं नाव छापलं, तर लगीन मोडलं,” त्या म्हणाल्या. “आता बगू, काय मोडतंय.”